खैरुनखालाचं खत

१

आमच्या अंगणातल्या कोठीत काय होतं, हे गावात ज्याला त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. कोण म्हणतं म्हातारीनं करणी केली, कोण म्हणतं मास्तरांच्या डोक्यावर परिणाम झाला. कल्याणप्पा सरपंचाच्या ओसरीवर तर म्हणे मीच बार्शीहून काहीबाही शिकून आलेय. बोलणाऱ्याच्या तोंडाला हात कोण लावणार? पण त्या कोठीपासून चार हातांवर रोज भांडी मी घासत होते. त्यांच्यातलं कुणी नव्हतं. म्हणून सांगते.

घर खैरुनखालाचं. मागच्या खोलीत ती एकटी, पुढच्या दोन खोल्यांत आम्ही दोघं भाड्यानं, आणि मध्ये दोघींचं मिळून एक अंगण. जळकोटच्या सडकेपासून आत कच्च्या रस्त्यानं आलं की गावात शिरतानाचं पहिलंच घर. आमचे हे शाळेत मास्तर. अंगणाच्या कोपऱ्यात विटांवर ठेवलेली पत्र्याची कोठी होती, माझ्या छातीइतकी उंच. वर गोल झाकण. खाली ज्वारी काढायला वीतभर चौकोनी तोंड, आणि त्याला खाचेतून वर-खाली सरकणारी झडप. खालाच्या मुलानं, हनीफनं, स्वतःच्या हातानं केलेली. तो पत्र्याचं काम करायचा. कंदील, चाळण्या, कोठ्या. तो गेल्यापासून तिच्यात दाणा पडला नव्हता.

आणि मग आला ग्रामसेवक गोपाळकृष्ण. निजामाचा मुलूख मुंबईला जोडल्यापासून असे सातारा-पुण्याकडचे पुष्कळ यायला लागले होते, आम्हा अडाण्यांना शिकवायला. आमच्या अंगणात सभा घेतली. उकिरडे बंद, म्हणाला, खत घरोघरी करायचं. पेटी, पिंप, कोठी, जे रिकामं असेल ते चालेल. बोलता बोलता नजर गेली त्या कोठीवर.

"आजी, ही रिकामी आहे ना? मग हिच्यातच करा. संक्रांतीपर्यंत खत घरात येईल."

खैरुनखाला दाराला टेकून बसली होती. ती सरळ झाली.

"घर में आयेगा?"

"घरात. कुठं जायला नको, कुणाला विचारायला नको."

"मेरे हात में?"

"तुमच्या हातात. माझा शब्द."

अंगणभर हशा पिकला. कल्याणप्पा सरपंच, तो तर पोट धरून हसला. गोपाळकृष्णही हसला, का ते न कळताच. मलाही कळलं नाही. मी बार्शीची. आमच्याकडं निजामाचं राज्य कधी नव्हतं.

२

रात्रीच्या जेवणाला मी ह्यांना विचारलं, एवढं हसण्यासारखं काय होतं त्यात?

"खत म्हणजे चिठ्ठी," हे म्हणाले. "उर्दूत. आम्ही शिकलो ते उर्दूतच. ती हनीफच्या चिठ्ठीची वाट बघते ना."

हनीफचं मला ठाऊक होतं, म्हणजे गावानं सांगितलं तेवढं ठाऊक होतं. पोलीस ॲक्शनच्या साली, निजाम पडला तेव्हा, तो कंदील विकायला म्हणून बाहेर पडला तो आलाच नाही. हैदराबादला असेल, पाकिस्तानात गेला असेल. नऊ वर्षं झाली. टपालवाला शंकरप्पा सायकलवरून आला की खाला सडकेपर्यंत जायची. मेरा खत आया क्या? आणि तो रोज म्हणायचा, उद्या येईल, खाला. रोज. सायकलवरून न उतरता.

मला असा संताप आला म्हणून सांगू. म्हाताऱ्या माणसाची अशी थट्टा? दुसऱ्या दिवशी मी गोपाळकृष्णाला गाठलं आणि चांगलं फैलावर घेतलं. तर तो शहाणा म्हणतो, "अहो वहिनी, मला काय माहीत? पण त्या तयार झाल्यात ना? अख्ख्या गावात एकच नाव मिळालंय मला."

म्हणजे याला नाव पाहिजे होतं. वर साहेबाला दाखवायला.

मग मीच खालाकडं गेले. ती कोठीच्या बुडाला खिळ्यानं भोकं पाडत होती, हवा लागावी म्हणून. कसं सांगायचं या विचारात मी उभी राहिले.

"खाला, तो म्हणत होता ते खत म्हणजे..."

"उकिरड्याचं," ती म्हणाली. तिनं मान वर केली नाही. "चंदा, मी याच गावात जन्मले. खत म्हंजी काय ते मला कळत न्हाय व्हय?"

"मग?"

"नऊ साल शंकरप्पाला विचारलं. त्यो झूट बोलतो. सगळं गाव झूट बोलतंय, मला ठावं हाय. ह्यो पोरगा नवा हाय. ह्याला झूट बोलायला कारन काय?"

खिळ्यावर दगड हाणत ती भोकं पाडत राहिली.

३

करायचं कसं ते गोपाळकृष्णानं एकदाच सांगितलं, पण खाला ते मंत्रासारखं पाळायची. बुडाला तुराट्या. त्यावर भाजीचे देठ, कांद्याच्या साली, पालापाचोळा. त्यावर शेण. त्यावर राख. त्यावर मातीचा थर, मग पाण्याचा हबका, आणि पुन्हा पहिल्यापासून. माझ्या चुलीतली राखही मी तिथंच टाकायला लागले. खरं सांगायचं तर मला ते आवडत होतं. कचरा जातो कुठं हा प्रश्न मिटला होता, वासही नव्हता.

एक गोष्ट मात्र मला खटकायची. खाला रोज स्वतःच्या ताटातली अर्धी भाकरी कोठीत टाकायची. तुकडे करून नाही, नीट घडी घालून.

"खाला, अन्न का कुजवता?"

"तुझा गिरामसेवक बोल्या, सगळं टाका."

मातीची अडचण होती. खालाला रान नाही, आम्हाला नाही. तेव्हा कल्याणप्पा उदार झाला. साहेब बघायला येणार, गावाचं नाव होणार, म्हणून त्यानं आपला गडी बलभीम मातीच्या पाट्या घेऊन पाठवला. बलभीम गेल्या वर्षीच कामाला लागलेला, भूमकडचा. त्यानं अंगणात पाट्या उतरवल्या. हे तेव्हा ओट्यावर जेवत होते.

"माती कुठली रे?" ह्यांनी सहज विचारलं.

"मालकाच्या वरल्या रानातली. त्यो बुजवलेला आड हाय न्हवं, त्याच्यावरली. तितं नांगर घालीत न्हाईत, म्हनून लई मऊ हाय."

ह्यांनी हातातला घास ताटात ठेवला. उठून हात धुतले. मी म्हटलं, अहो, काय झालं? तर म्हणाले, भूक नाही.

खालानं ती माती हातानं चाळली, ढेकळं फोडली आणि कोठीत पसरली. एकही पाटी वाया जाऊ दिली नाही.

४

थंडी पडली तशी कोठी गरम व्हायला लागली. यात नवल नाही. कुजताना ऊब सुटते, गोपाळकृष्णानं आधीच सांगितलं होतं. मी भुताखेतांची बाई नाही, सातवी पास आहे. दुपारी भांडी आवरली की मी खालाशेजारी कोठीला पाठ लावून बसायची. पत्रा पाठीला बरा वाटायचा. खाला डोळे मिटून बसायची, तिचा हात पत्र्यावर असायचा.

आवाज मी पहिल्यांदा तेव्हाच ऐकला. टिक, टिक, टिक. थांबायचा, मग पुन्हा. ऊन लागलं की पत्रा वाजतोच. आमच्या बार्शीच्या घरी छपराचे पत्रे दुपारभर वाजायचे.

पण ते पत्रे ऊन वाढेल तसे जोरात वाजायचे, ऊन उतरलं की गप्प. कोठी सावलीत होती. आणि ते वाजणं तापलेल्या पत्र्याचं नव्हतं. कुणी नखानं पत्रा वाजवावा तसं होतं. हलक्या हातानं, कुणाला ऐकू जाईल या भीतीनं वाजवावं तसं.

उंदीर, मी म्हटलं. भोकं तर खिळ्याएवढी होती. मग झुरळं. मी पळी घेतली आणि झाकणाच्या बाजूला पत्र्यावर सणसणीत हाणली. आवाज थांबला. मी हुश्श केलं आणि वळले, तर पुन्हा सुरू. आता तो वर नव्हता. खाली, झडपेपाशी होता.

खाला माझ्याकडं बघत होती. तिनं माझ्या हातातली पळी काढून घेतली.

"असं मारू नक्को," ती म्हणाली. रागावून नाही म्हणाली.

५

त्यानंतरची गोष्ट मी गोपाळकृष्णाला दाखवली होती, तेव्हा ती माझ्या एकटीच्या डोळ्यांची नव्हती.

खत खाली बसतं. हे शेणात हात घातलेल्या कुणालाही कळतं. काठोकाठ भरा, आठवड्यानं हातभर खाली गेलेलं असतं. आमच्या कोठीतलं पहिले काही दिवस गेलं खाली. मग जायचं थांबलं. मग वर यायला लागलं.

दुपारी मी राख टाकून हातानं सपाट करायची. दुसऱ्या दुपारी झाकण काढलं की राखेला मध्यभागी फुगवटा. आज एवढासा, उद्या त्याहून जास्त. पांघरुणाखाली माणूस कुशीवर वळला की पांघरूण जसं एका बाजूनं उचललं जातं, तसा. झाकणाला आतून पाणी सुटलेलं असायचं, थेंब थेंब. ती वाफ, ते मला कळतं. पण भाकरी? वर टाकलेले वांग्याचे देठ तसेच दिसायचे, कालच्या भाकरीचा मात्र तुकडासुद्धा नसायचा.

गोपाळकृष्णानं वाकून पाहिलं. डोकं खाजवलं. "आत गॅस धरला असेल," म्हणाला. मग काठी घेऊन ढवळायला म्हणून पुढं झाला. काठी राखेला टेकली आणि तो थांबला.

"काय झालं?"

"काही नाही. जरा मऊ लागलं." त्यानं काठी भिंतीला टेकवून ठेवली. "तुम्ही एवढ्यात ढवळू नका. संक्रांतीला साहेब येतील तेव्हा बघू."

आणि गेला सायकल घेऊन. दुसऱ्याच्या अंगणात हे असलं करून ठेवायचं आणि आपण सायकलवर टांग मारायची. सरकारी माणूस, दुसरं काय करणार.

६

पण खरा राग मला ह्यांचा आला होता.

माती आली त्या दिवसापासून ह्यांनी अंगणातून जाणं सोडलं होतं. शाळेला जायचे ते आमच्या खोलीच्या बाजूच्या पडक्या भिंतीवरून, चोरासारखे. एवढा मास्तर माणूस, भिंतीवरून उतरताना धोतर सावरायचा. दुपारचं जेवण शाळेत मागवायला लागले. नखाचा आवाज सुरू झाला की हे उठून दुसऱ्या खोलीत जायचे. म्हणजे ह्यांनाही ऐकू येत होता. मला तोच आधार वाटला असता, हे एका शब्दानं बोलले असते तर.

एका रविवारी मी दाराला कडी घातली आणि दारासमोर बसले.

"त्या आडात काय आहे?"

"कुठल्या आडात?"

"मला शिकवू नका. मी तुमच्या शाळेतली पोर नाही."

हे त्या कडीकडं बघत राहिले. मग म्हणाले, ॲक्शनच्या वेळी बाहेरून माणसं आली होती. गावातल्यांनी मुसलमानांची घरं दाखवली. नंतर कल्याणप्पानं आड बुजवून घेतला. पाणी खराब झालं म्हणून.

"कितीजण?"

"ठाऊक नाही."

"हनीफ?"

ह्यांनी मान हलवली. होय म्हणून.

मला वाटलं मी ओरडेन. नऊ वर्षं ती बाई सडकेवर उभी राहते. शंकरप्पाला ठाऊक. कल्याणप्पाला ठाऊक, अंगणात बसून हसला तो. दळणाच्या बायांना ठाऊक असणार, पाणवठ्यावर ठाऊक असणार. आणि माझा नवरा, तिच्या घरात राहतो, तिच्या हातचा शिरखुर्मा खातो, त्यालाही ठाऊक. अख्ख्या गावात दोघीच बावळट, ती आणि मी.

"लाज नाही वाटली?" मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदाच ह्यांना असं बोलले. "आईला तिच्या पोराचं मरण कळवत नाही? कुत्रं मेलं तरी माणूस सांगतो."

"आशेवर जगते ती."

"आशेवर नाही. तुमच्या भित्रेपणावर जगते. तुम्ही सांगत नसाल तर मी सांगते."

"चंद्रा, नको."

तसा आवाज मी ह्यांचा कधी ऐकला नव्हता. पण मी कडी काढली.

७

ऊन चांगलं होतं. अंगणात कडब्याच्या काड्या पडल्या होत्या, भिंतीवर कावळा बसला होता. खैरुनखाला कोठीच्या खालच्या तोंडापाशी पाय पसरून बसली होती, कान झडपेला लावून. मी समोर बसले.

"खाला, हनीफचं एक सांगायचंय."

"आया खत," ती म्हणाली.

मला वाटलं, भ्रमिष्ट झाली. पण तिचे डोळे साफ होते. पदरानं तिनं नाक पुसलं. ती रडून मोकळी झाली होती, माझ्या आधीच.

"त्यानं सांगितलं सगळं. आड सांगितला. कोन कोन व्हतं त्ये सांगितलं. कल्याणप्पा आडापाशीच हुबा व्हता म्हने, कंदील धरून. हनीफनं केल्याला कंदील." तिनं झडपेवरून हात फिरवला. "चंदा, तू चांगली हाईस. म्हनून तुला सांगू का नको, असं झालंय."

"सांगा."

"त्यो आधी शाळेत गेल्ता. पळून. तुझा मालक तवा तितं खोलीत ऱ्हायचा. दोघं एका पाटीवर शिकल्याले. दार लावल्यालं व्हतं. त्यानं हाक न्हाय मारली, लोक मागं व्हते. नखानं वाजवलं नुसतं. लई येळ वाजवलं."

आमच्या खोलीचं दार माझ्या पाठीमागं उघडंच होतं, आणि हे चौकटीत उभे होते. किती वेळ उभे होते कोण जाणे. मी वळून बघितलं. आता हे म्हणतील खोटं आहे, म्हातारी बरळते, आणि मी ते एका क्षणात मानीन, अशी मी वाट बघत राहिले.

"मी कडीवर हात ठेवला होता," हे म्हणाले. "खरंच ठेवला होता."

ते मला सांगत नव्हते. कोठीकडं बघून सांगत होते.

या माणसाबरोबर मी सहा वर्षं संसार केला. माझी बोटं अशी गार पडली की पदराची गाठ मला धरता येईना. चीड होती, पण ती कुणावर धरायची तेच कळेना.

खैरुनखाला म्हणाली, "त्याला दुसरं काय बी नको, मास्तर. एवडं दार उघडा म्हनतो. तुमच्या हातानं."

आत आवाज सुरू झाला होता. टिक, टिक, टिक. झडपेच्या अगदी पाठीमागं.

८

हे अंगणात आले. माती आल्यापासून पहिल्यांदाच. पायात वहाण नव्हती. कोठीसमोर गुडघे टेकून बसले. मी उठून अडवावं असं मनात आलं आणि मी अडवलं नाही. का अडवायचं? कुणीतरी कधीतरी उघडायलाच पाहिजे होतं.

ह्यांनी झडपेला हात घातला. मग दुसराही हात लावला. नखाचा आवाज थांबला.

"हनीफ," हे म्हणाले, "ये."

आणि झडप वर ओढली.

खत बाहेर आलं. काळं, भुसभुशीत, चहाच्या पत्तीसारखं मोकळं, ह्यांच्या मांडीवर, जमिनीवर. वाफ निघत होती. उत्तम खत होतं, ते मला नाकारता येणार नाही. देठ नाही, साल नाही, तुराटीची काडी नाही. घळघळ येत राहिलं, आणि मग आपोआप थांबलं, आतून कुणी अडवल्यासारखं. चौकोनी तोंड काळं दिसत होतं. आत मोकळी जागा होती. एवढ्या भरलेल्या कोठीत मोकळी जागा.

हे खाली वाकले, आत बघायला. मला ह्यांचं तोंड दिसत होतं, आतलं दिसत नव्हतं. ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ओठ हलले, ओळखीच्या माणसाला बघून हलतात तसे.

मग झडपेच्या खालच्या कडेवर, आतल्या बाजूनं, चार बोटं आली. खतानं काळी झालेली. नखं पांढरी होती, फार वाढलेली. बोटांनी घाई केली नाही. दुकानदार संध्याकाळी फळी लावतो, तशी सावकाश त्यांनी झडप खाली ओढली आणि लावून घेतली.

"नाही, नाही," हे म्हणाले. झडपेला दोन्ही हातांनी धरून हे वर ओढू लागले. पाय जमिनीत रोवले, मानेच्या शिरा फुगल्या. पत्रा करकरला. पण झडप केसभर हलली नाही. "हनीफ, उघड. अरे, मी आलोय ना. उघड."

खैरुनखालानं पुढं होऊन ह्यांच्या हातांवर हात ठेवला.

"ऱ्हाऊ द्या, मास्तर," ती म्हणाली. "आतनं त्यानं धरलंय. वढू नका. बोटं चेपतील त्याची."